मन्मथ आप्पांचा खांब

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजने माझ्या गळ्यात एक काम बांधलं. निरोप समारंभ, पालक मेळावा, असल्या कार्यक्रमांसाठी एक स्पीकर घ्यायचा होता. हलका, रिक्षात मावणारा, शिपायाने एकट्याने उचलून लावता येईल असा. "मॅडम, तुम्ही एवढी वर्षं माइकवर बोलताय, तुम्हालाच कळणार," असं म्हणून प्राचार्य मोकळे झाले. मी मराठी शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं, बारशी, सेवापूर्तीचे सोहळे यांचं निवेदन करते. लातुरात या धंद्याला मरण नाही. कुणी ना कुणी निवृत्त होतच असतं आणि प्रत्येकाला आपण मनमिळाऊ होतो हे माइकवरून ऐकायचं असतं.

दुकानात गेले तर काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "किती वॅटचा दाखवू?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "वॅट राहू द्या. यावर 'स' कसा वाजतो ते दाखवा." तो माझ्याकडे बघतच राहिला. मलाही मग बोलवेना. कारण प्रश्न माझा नव्हता, मन्मथ आप्पांचा होता, आणि आप्पा आता नाहीत. मी काहीतरी निमित्त काढून दुकानाबाहेर आले आणि रिक्षात बसून घरी येईपर्यंत डोळे पुसत होते.

मन्मथ आप्पा साउंडवाले मूळचे निलंग्याचे. उंच, काटक, कपाळावर विभूती, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात कापसाची पुडी. कुणाच्या वरातीत मोठा डीजे लागलेला दिसला की आप्पा रस्त्याकडेच्या ओट्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना कापूस वाटत सुटायचे. "कानात घाला आज्जी, वरात पुढं जाऊस्तोवर ऱ्हाऊ द्या." एका आजीला तो अत्तराचा फाया वाटला. तिने दोनदा नाकाला लावला आणि "वासच न्हाई की रं ह्याला," म्हणून परत केला. आप्पांनी तिचीही माफी मागितली.

माफी मागणं हा त्यांचा स्वभावच झाला होता. 'माझ्यामुळं' हा त्यांचा शब्द. वीज गेली, माझ्यामुळं. नवरदेवाची गाडी औशाजवळ पंक्चर झाली, माझ्यामुळं. एकदा रिसेप्शनला अवकाळी पाऊस आला आणि पंगत उठवावी लागली, तर आप्पा वधूपित्यासमोर हात जोडून उभे. मी चिडवलं, "आप्पा, ढग पण तुमच्याच टेम्पोतून आले का?" ते हसले नाहीत. "तसं न्हाई ताई, पर मी जिथं जातो तिथं असलं कायतरी होतंयच की," म्हणाले. मी मात्र पोटभर हसले होते, आणि पुढे कितीतरी कार्यक्रमांत हा किस्सा रंगवून सांगितला. आता तो आठवला की लाज वाटते. एवढं सगळं स्वतःवर ओढून घेणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असणार, हे मला कळायला हवं होतं.

आप्पांची जुनी ओळख सांगितली तर आज कुणाला पटायचं नाही. एके काळी लातूर-निलंगा पट्ट्यात वरात गाजवायची तर मन्मथचा डीजे लागायचा. टेम्पोवर बेसच्या डब्यांची भिंत रचलेली, वर शिट्टीसारखे कर्कश टॉप, आणि मधे काळा गॉगल लावलेले तरुण आप्पा. त्यांचा बेस सुरू झाला की दुकानांची शटरं थरथरायची, भांड्याच्या दुकानातली पातेली मांडणीवरून सरकायची, आणि पोरं खूश होऊन टेम्पोवर फुलं उधळायची. छातीत जेवढा जास्त दणका तेवढा डीजे भारी, असा तेव्हा हिशेब होता. तो अजूनही फारसा बदललेला नाही.

त्याच टेम्पोत, भिंतीच्या मागच्या बाजूला, लोखंडी दांडीला साडीची झोळी बांधलेली असायची आणि झोळीत गिरिजा. आप्पांची एकुलती एक. आप्पांच्या पत्नी महानंदावहिनी दालमिलमध्ये डाळ निवडायला जायच्या आणि हंगामात मिल रात्रपाळी करायची. तान्ह्या पोरीला कुणाकडे ठेवायचं? आप्पांनी सोबत घेतलं. डब्यांच्या मागे आवाज कमी असतो, असं सगळेच डीजेवाले समजायचे. टॉपचा आवाज खरंच पुढे जातो. बेस मात्र पुढे-मागे काही बघत नाही, आणि लोखंडी टेम्पोच्या आत तर तो कोंडून घुमतो.

गिरिजा त्या दणक्यात शांत झोपायची. आप्पांना त्याचा केवढा अभिमान! "माझी लेक बेसवर झोपती. बेस बंद केला की उठून रडती," असं सांगत ते लोकांना मागे नेऊन दाखवायचे. माझ्या चुलतभावाच्या वरातीत मीही मैत्रिणींना घेऊन ती झोळी बघायला गेले होते. इवलीशी मूठ गालाखाली, चेहऱ्यावर टेम्पोतल्या लाल-निळ्या दिव्यांचा उजेड. आम्ही सगळ्यांनी 'किती गुणाचं लेकरू' म्हणून कौतुक केलं. डीजेवाल्याचं पोर, त्याला सवय झाली, असंच जो तो म्हणायचा. सवय झालीय की ऐकूच येत नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गिरिजा पहिलीत गेल्यावर बाईंनी आप्पांना शाळेत बोलावून घेतलं. पोरगी हुशार होती, पण शाळेला 'आळा' म्हणायची, सशाला 'अआ'. मागून हाक मारली तर वळायची नाही. लातूरच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, कानाच्या नसा गेल्यात, बारीक आवाज पोचत नाहीत, स, श, त, फ असली अक्षरं तिच्यासाठी नसल्यातच जमा. जाड आवाज तेवढे कळतात. कशामुळे, हे मात्र त्यांनी छातीठोक सांगितलं नाही. लहानपणी हिला जबर ताप आला होता, इंजेक्शनं झाली होती, त्यामुळे असेल, आवाजामुळे असेल, दोन्ही मिळून असेल. यातलं तापाचं वाक्य महानंदावहिनींनी घट्ट धरून ठेवलं आणि आवाजाचं आप्पांनी.

त्या दोघांचं भांडण मी अनेकदा ऐकलंय. वहिनी माहेरच्या भालकीच्या, राग आला की निम्मं कानडीत बोलायच्या. आप्पा "माझ्यामुळं" म्हणाले रे म्हणाले की त्या कडाडायच्या, "साकु री, साकु! बास झालं! डागदर तापाचं म्हणले का न्हाई?" आप्पा मान खाली घालून म्हणायचे, "म्हणले. पर झोळी कुणी बांधली?" यावर वहिनी तिथून उठायच्या. त्या चुलीपुढे जाऊन बसायच्या. पोरीला टेम्पोत पाठवलं ते मिलच्या पाळीसाठी, म्हणजे आपल्यासाठी, हे त्यांनाही सलत असणार. त्या तसं कधी बोलल्या नाहीत एवढंच.

आप्पांनी त्याच महिन्यात धंदा मोडला. डबे दुसऱ्या डीजेवाल्याला विकले नाहीत, "त्याच्या टेम्पोत कुणाचं पोर नसंल कशावरून?" म्हणाले. आतले स्पीकर काढून भंगारात घातले आणि मोकळे डबे घरात आणून ठेवले. एकात तूर, एकात ज्वारी. काही काळ मोंढ्यात धान्याचा मापाडी म्हणून काम केलं, पण त्यात जीव रमेना. मग साउंडचं एक छोटं मशीन, दोन स्टँडवरचे स्पीकर आणि दोन माइक घेऊन ते बारशी, वाढदिवस, सत्कार असली लहान कामं करू लागले. तिथे आमची गाठ पडली ती शेवटपर्यंत.

निवेदिका म्हणून सांगते, आप्पांसारखा साउंडवाला मला पुन्हा मिळाला नाही, आणि आप्पांइतका छळही कुणी केला नाही. मी व्यासपीठावरून रंगात येऊन बोलत असायची आणि आप्पा हळूच आवाज उतरवायचे. मी डोळे वटारले की हात जोडायचे, पण वाढवायचे नाहीत. एका कोचिंग क्लासच्या बक्षीस समारंभात पोरांनी 'आवाज वाढवा' म्हणून आरडाओरडा केला, संचालक स्वतः उठून आले. आप्पा शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि तिथून म्हणाले, "इथं ऐकू यायलंय की. मग वाढवायचं कशापायी?" संचालकांनी पुढच्या वर्षी दुसरा साउंडवाला लावला. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, कारण त्यांच्याबरोबर माझंही काम गेलं.

त्यांच्या डोक्यात एकच होतं. गिरिजाच्या कानाला मशीन लागलं होतं, घरात तिला बऱ्यापैकी कळायचं. पण कार्यालयात गेली की सगळा आवाज भिंतींवर आपटून तिच्यापर्यंत नुसता गलका पोचायचा. स्टँडवरचे स्पीकर पुढच्या रांगेच्या कानठळ्या बसवायचे आणि मागे गडबडगुंडा. दुसऱ्यांच्या लग्नात ती अक्षता हातात घेऊन शेजारणीच्या हाताकडे बघत बसायची. शेजारीण टाकेल तेव्हा आपण टाकायच्या. हे आप्पांनी एकदा बघितलं. "ताई, तिच्या लग्नात तिला 'शुभ मंगल सावधान' ऐकू आलं पायजे," ते मला म्हणाले. "दुसऱ्याचं बगून कळलं, असं नगं. तिचं तिला ऐकू यावं. तेवढं झालं की मी सुटलो."

स्पीकर निवडायला आम्ही नांदेडला गेलो. आप्पा, गिरिजा आणि मी, एस.टी.ने, अहमदपूर-लोहा करत. नांदेडच्या रफीकभाईंचं साउंडचं दुकान म्हणजे आप्पांचं जुनं ठिकाण. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात ग्रामोफोन दुरुस्त करायचे. रफीकभाईंनी चहा सांगितला आणि पहिलाच प्रश्न केला, "कितने वॅट का दिखाऊ, आप्पा?"

"वॅट ऱ्हाऊ द्या. 'स' कसा वाजतो ते दावा."

रफीकभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

मग त्या दुकानात दुपारभर जे चाललं त्याला परीक्षाच म्हणायला हवं. गिरिजाला दुकानाच्या मागच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसवलं, म्हणजे ओठ वाचता येऊ नयेत. मी माइकवर शब्द वाचायचे: साखर, शेत, फणस, तूप, सासर, शेवट. ते ऐकून गिरिजाने म्हणायचे. आप्पा स्पीकरकडे बघतच नव्हते, लेकीच्या पाठीकडे बघत होते. स्टँडवरच्या जाड स्पीकरवर 'साखर'चं 'आकर' झालं. त्याहून मोठ्यावर 'खाकर' झालं. रफीकभाई हसू दाबत म्हणाले, "आप्पा, लोगां गाणे लगाके देखते, तुमी शाळा भरवली."

शेवटी त्यांनी आतून एक नवीनच प्रकार आणला. खाली पेटीएवढा बेस आणि त्यावर माणसाच्या उंचीची, मनगटाएवढी जाड काठी. काठीत खालपासून वरपर्यंत छोटे छोटे स्पीकर एकाखाली एक. "कॉलम बोलते इसको," रफीकभाई म्हणाले. "पुढं कान फाटत नाही, पीछे आवाज मरता नाही. काठी काढली की पिशवीत. एक हात में काठी, दुसऱ्या हात में पेटी, चले आप्पा बारशाला." असले दोन होते. एक बॅटरीवर चालणारा, अगदी हलका. आप्पांना मोह आवरला नाही, तो उचलून बघितला, खूश झाले. पण त्यावर गिरिजाला 'शेत' सापडेना. दुसरा जरा जड, विजेवर चालणारा, काठीही उंच. मी वाचलं, "सासर."

"सासर," गिरिजा भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

तिचा 'स' स्वतःचाच कच्चा होता, पण तो होता. 'फणस'चा घोळ झालाच, 'तूप' अर्धं आलं. सगळं काही जादूने ऐकू आलं नाही. पण आप्पांना तेवढं पुरलं. ते खाली बसले, जमिनीवरच, आणि काठीच्या पायाला हात लावून रफीकभाईंना म्हणाले, "लई तरास दिला तुमाला. माझ्यामुळं दुपारचं गिऱ्हाईक गेलं." रफीकभाईंनी पुन्हा चहा सांगितला, कारण त्यांनाही दुसरं काय करावं सुचेना.

त्या काठीला लातुरात सगळे 'खांब' म्हणू लागले. आप्पांनी तो खांब लेकरासारखा सांभाळला. लोकांना मात्र त्याची ओळख पटायला वेळ लागला. "डीजे कुठाय? हा तर मंडपाचा बांबू आणलाय," असं एक यजमान चारचौघांत म्हणाले. एका साखरपुड्यात नवरदेवाच्या मामाने त्याला खुंटी समजून उपरणं अडकवलं आणि माझा आवाज घोंगडीतून आल्यासारखा यायला लागला. आप्पा धावत गेले, उपरणं काढलं, घडी केली, मामांना दिलं आणि मामांचीच क्षमा मागितली. पण हळूहळू म्हातारी माणसं विचारायला लागली, तो खांबवाला येणार आहे का? तो असला की सूनबाईचं नावसुद्धा नीट ऐकू येतं. आप्पांना कामं वाढली. कापसाची पुडी मात्र खिशातून गेली नाही.

मग गिरिजाचं लग्न ठरलं. मुलगा उदगीरचा, तेलाच्या मिलमध्ये हिशेबाला, बोलताना आपोआप तिच्यासमोर येऊन उभा राहणारा. मला तो तेवढ्यावरच आवडला. गिरिजा तोवर ब्लाउजवर आरीकाम करणारी, भरपूर कामं असणारी, ठाम बोलणारी मुलगी झाली होती. कार्यक्रमाची आखणी करायला मी त्यांच्या घरी गेले. अक्षतेला खांब कुठे उभा करायचा, गिरिजाच्या कानापासून किती लांब, पंख्याचा आवाज येईल का, हे आप्पा मला कागदाशिवाय बोटाने जमिनीवर काढून दाखवत होते. इतके आनंदात मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

गिरिजा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आप्पा, हळदीला डबा पायजे."

"कशाचा डबा?"

"बेसचा. तुमचा व्हता तसला."

वहिनींच्या हातातलं सूप थांबलं. आप्पांनी जमिनीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, "खांब हाय की. हळदीला बी लावू."

"हळद लावताना कानातलं मशीन काढून ठेवावं लागतंय, आप्पा. ओलं होतंय. मशीन न्हाई म्हणल्यावर तुमचा खांब काय वाजायलाय ते मला कळणारच न्हाई. सगळे नाचतील आन् मी माझ्याच हळदीत नुसती बसून ऱ्हाऊ का?"

"गिरिजा, परत ते पाप माझ्या हातानं करायला लावू नगंस."

यावर तिचा आवाज चढला. चढला की तो थोडा वाकडा जायचा आणि तिला ते माहीत असायचं, म्हणून ती सहसा चढू द्यायची नाही. त्या दिवशी तिने पर्वा केली नाही. "पाप, पाप, पाप! मला लहानपणीचं काय आठवतंय माहीत हाय का? पोटात वाजायचं. पायातून वर यायचं. बाकीच्यांचं गाणं मला कदी कळलं न्हाई, पर ते कळायचं. ते बी तुमच्यामुळंच ना? कान गेला ते तेवढं तुमी ध्यानात ठेवलं. मला गाणं बी तुमीच दिलं, ते कुटं गेलं?"

"माय—" आप्पा म्हणाले.

"तुमी माझ्याकडं बगितलं की माफी मागायलाच लागताव. सकाळी, संध्याकाळी, जेवताना. मला कटाळा आला, आप्पा. मी काय तुमची चूक हाय का? मी पोरगी हाय तुमची. सासरला जायच्या आदी एकदा तरी नुसतं पोरगी म्हणून बगा."

ती आत गेली. माझ्या कपातल्या चहावर साय धरली होती. आपण इथे असायला नको होतं असं मला फार वाटलं. आप्पांच्या बाजूने बोलावं तर पोरीवर अन्याय, पोरीच्या बाजूने बोलावं तर आप्पांना अजून एक घाव. मी 'येते' एवढंच म्हणाले आणि निघाले. वहिनी दारापर्यंत आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पहिल्यांदाच त्या नवऱ्यावर चिडलेल्या नव्हत्या.

पुढचे काही दिवस बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नघरात याहून वाईट काही नसतं. मग एका दुपारी आप्पांचा फोन आला, "ताई, येता का? पायातली चप्पल काढून एक गोष्ट बगायची हाय."

अंगणात फळ्यांचा एक बुटका चौथरा होता, पाच-सहा जणी नाचू शकतील एवढा. त्याखाली आप्पांनी रफीकभाईंकडून मागवलेला एकच बेसचा डबा पालथा घातला होता, तोंड जमिनीकडे, कोपऱ्यांखाली विटा, आणि फळ्या थेट डब्याच्या पाठीवर आवळून बसवलेल्या. "आवाज भाईर न्हाई सोडायचा. फळीत सोडायचा," ते म्हणाले. वहिनी आधीच फळीवर उभ्या होत्या, पदर खोचून, चेहऱ्यावर लहान मुलीसारखं कुतूहल. मी चढले. आप्पांनी साउंडचं मशीन सुरू केलं. कानाला जेमतेम गुरगुर ऐकू आली, शेजारच्या घरातून कुणी डोकावलंही नाही. पण तळपायातून काहीतरी चढत आलं, गुडघ्यांत, पोटात. दालमिल सुरू असताना बाहेरच्या कट्ट्यावर बसलं की वाटतं तसं.

"पायात येतंय का?"

"येतंय, आप्पा. तुम्हीही चढून बघा की."

"मी न्हाई." ते मागे सरले. "माझं ते काम न्हाई, ताई. ते तिच्यासाठी हाय." सगळी तपासणी त्यांनी हाताचा तळवा फळीला लावूनच केली होती, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशीचं आधी सांगून टाकते. खांब ठरल्या जागी उभा होता. जंगमस्वामींनी विधी केले, मंगलाष्टकं मी आणि मावश्यांनी म्हटली, अक्षता पडल्या. शेवटच्या 'सावधान'ला गिरिजाने मान वर केली. ऐकून केली की आमच्याकडे बघून, मला माहीत नाही. मी तिला विचारलं नाही आणि आप्पांनीही विचारलं नाही. ज्या शब्दासाठी त्यांनी एवढी पायपीट केली होती तो आला आणि गेला, आणि आप्पा तेव्हा मंडपाच्या टोकाला पाहुण्यांना पाणी देत होते. पुढे वर्षभरात ते गेले. झोपेतच गेले. मी तेव्हा गावाला होते, अंत्यदर्शनालाही पोचले नाही. म्हणून मला शेवटचे दिसतात ते लग्नाच्या आदल्या दिवशीचे, हळदीचे आप्पा.

संध्याकाळ होत आली होती. म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या आप्पांनी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला लावल्या होत्या. खांबावर बेताच्या आवाजात गाणं चालू होतं आणि त्याचाच ठेका फळीखालच्या डब्यात. गिरिजाने कानातलं मशीन काढून आईच्या हातात दिलं, हळद लागली, आणि पिवळ्या पायांनी ती मैत्रिणींबरोबर फळीवर चढली. क्षणभर ती नुसती उभी राहिली. मग तिने डोळे मिटले आणि तिचा पाय बरोबर ठेक्यावर पडला. मैत्रिणी गाण्यावर नाचत होत्या, हात करत होत्या, एकमेकींकडे बघत होत्या. ती कुणाकडेच बघत नव्हती. तिला बघायची गरजच नव्हती.

"आप्पा, वाढवा!" ती ओरडली. मशीन काढलेलं, त्यामुळे स्वतःचा आवाज तिला कळत नव्हता. सगळं अंगण दचकलं.

आप्पांचा हात साउंडच्या मशीनवर होता. तो तिथेच अडकला. त्यांनी म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मी, संचालकांनी, नवरदेवाच्या दोस्तांनी किती विनवण्या केल्या होत्या, कुणासाठी तो हात वर गेला नव्हता. मी मान हलवली की नाही आठवत नाही. वहिनी कानडीत काहीतरी म्हणाल्या, अगदी हळू.

आप्पांनी डब्याचा आवाज वाढवला. पोरीने हसून अजून बोट वर केलं, त्यांनी अजून वाढवला. मग ते मशीनपासून उठले, चपला काढल्या आणि फळीवर चढले. पायाखालची फळी लवली तसे गिरिजाने डोळे उघडले. तिने त्यांचे हात धरून ओढले, पण आप्पांना नाचता येत नव्हतं. ते नुसते उभे राहिले, पाय रोवून, लेकीच्या हळदीने शर्ट माखलेला, आणि तिला जे ऐकू येत होतं ते ऐकत राहिले.